भुकेल्याला काय द्यावे?

काही वर्षांपूर्वी एका शाळेत ‘अन्न आणि ऊर्जा’ या विषयावर बोलायला आम्ही गेलो होतो. तास संपता संपता नववीतल्या एका मुलीने विचारले, “आपल्याकडे गोदामांत धान्य पडून असते. मग आफ्रिकेत मुले उपाशी मरतात, तिथे ते विमानाने नेऊन का टाकत नाहीत?” वर्गात थोडे हसू उमटले. प्रश्न मात्र हसण्यासारखा मुळीच नव्हता. मोठमोठी सरकारे आणि मदतसंस्था यांनीही दुष्काळाचा विचार बराच काळ जवळपास असाच केला होता. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यासाठी आपण एकच उदाहरण जरा तपशिलाने पाहू. ते आहे नायजर या देशातले, २००५ सालचे.

दहा भाकरींच्या नऊ झाल्या तर

नायजर हा पश्चिम आफ्रिकेतला एक गरीब देश. शेजारच्या नायजेरियाशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. त्याला समुद्रकिनारा नाही आणि उत्तरेचा मोठा भाग सहारा वाळवंटाने व्यापलेला आहे. दक्षिणेकडे ‘साहेल’ नावाचा जो पट्टा आहे तिथे थोडाफार पाऊस पडतो आणि बहुतेक लोक तिथेच राहतात. त्यांचे मुख्य पीक बाजरी. ही आपलीच बाजरी. किंबहुना तिचे मूळ घर साहेलच आणि तिथून ती काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. पाऊस जून ते सप्टेंबर पडतो आणि कणसे हाती येतात ती पाऊस सरताना. म्हणजे ऐन पावसाळ्यात गेल्या वर्षीचे धान्य संपलेले असते, नवे अजून शेतात उभे असते आणि कष्टाची कामे तर याच दिवसांत असतात. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे दिवस समजावून सांगावे लागणार नाहीत.

२००४ साली तिथे पाऊस लवकर थांबला. त्यातच टोळधाड आली. पुढच्या वर्षी लहान मुलांची भयंकर उपासमार झाली. इथवर गोष्ट सरळ वाटते: पाऊस नाही, पीक नाही, अन्न नाही. पण आकडे पाहिले की कोडे पडते. त्या वर्षीचे धान्योत्पादन आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा दहा-अकरा टक्क्यांनीच कमी होते. दहा भाकरींच्या जागी नऊ भाकरी, एवढाच फरक. सगळ्यांनी थोडे थोडे कमी खाल्ले असते तर कोणाचे मूल मरायला नको होते. शिवाय सर्वांत जास्त कुपोषित मुले ज्या मरादी भागात सापडली, तो देशातला बऱ्यापैकी पिकणारा भाग आहे आणि तिथल्या बाजारात बाजरीची पोती विक्रीला होती.

या कोड्याचे उत्तर अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात मांडले होते. सेन यांनी लहानपणी १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहिला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: देशात धान्य किती आहे यापेक्षा प्रत्येक कुटुंबाला ते कोणत्या मार्गाने मिळू शकते हे पाहा. कोणी ते पिकवतो, कोणी मजुरी करून विकत घेतो, कोणी शेळी विकून घेतो. हे मार्ग तुटले की दुकानासमोर उभा असलेला माणूसही उपाशी राहतो. नायजरमध्ये नेमके तेच झाले. बाजरीचे भाव चढले. चारा नसल्याने गुरे खंगली आणि पशुपालक ती मिळेल त्या भावाने विकू लागले, म्हणून गुरांचे भाव पडले. एका बैलाच्या पैशात पूर्वी जेवढी बाजरी येई त्याच्या काही अंशच येऊ लागली. नायजेरियातून एरवी येणारे धान्यही महागल्यामुळे येईनासे झाले.

मराठीत ‘दुष्काळ’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण. ते आकाशाच्या हाती आहे. माणसे उपाशी मरणे ही वेगळी घटना आहे आणि पहिलीतून दुसरी झालीच पाहिजे असे नाही. १९७२-७३ साली महाराष्ट्रात पिके पार बुडाली होती. पण सरकारने रस्ते, तलाव, बंडिंग यांची कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. हाती मजुरी आल्यामुळे लोकांना धान्य विकत घेता आले. हाल फार झाले. खडी फोडणाऱ्या ज्या बायका-पुरुषांनी ते दिवस काढले त्यांना विचारावे. पण बंगालसारखा मृत्यूंचा डोंगर रचला गेला नाही. याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला.

नायजरमध्ये आधी ठरले ते सवलतीच्या दराने धान्य विकण्याचे. फुकट धान्य वाटले तर बाजार मोडेल, अशी सरकारला आणि मदत देणाऱ्या देशांना भीती होती. पण ज्याच्याजवळ पैसाच नाही त्याला सवलतीचा काय उपयोग? संयुक्त राष्ट्रांनी मे २००५ मध्ये मदतीचे आवाहन केले, त्याला फारच थोडा प्रतिसाद मिळाला. जुलैमध्ये हाडे दिसणाऱ्या मुलांची चित्रे जगभर दूरचित्रवाणीवर झळकली आणि मग पैसा आला. मोफत धान्यवाटप मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते ऑगस्टमध्ये, म्हणजे नवे पीक तोंडाशी आले तेव्हा.

तोपर्यंत हजारो मुलांची शरीरे अशा अवस्थेला पोहोचली होती की नुसते धान्य त्यांच्या उपयोगाचे उरले नव्हते. असे का, हे समजून घ्यायला शरीरशास्त्राकडे वळावे लागेल.

उपाशी शरीराचा हिशेब

अन्न मिळेनासे झाले की शरीर आधी साठवणीचे खाते उघडते. यकृतातील ग्लायकोजेन साधारण एक दिवस पुरते. लहान मुलात त्याहूनही कमी वेळ. मग चरबी वापरली जाते. मेंदूला चरबी थेट वापरता येत नाही, म्हणून यकृत तिच्यापासून कीटोन नावाची संयुगे बनवून मेंदूला पुरवते. त्याबरोबर स्नायूंतील प्रथिनेही मोडली जातात. मुलाचे दंड आणि मांड्या बारीक होतात आणि चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो.

उत्पन्न घटले की शहाणे कुटुंब खर्चही कमी करते. शरीर तेच करते. मूल खेळणे थांबवते, मग हालचाल, मग रडणेही. हृदयाचे ठोके मंदावतात, शरीराचे तापमान उतरते, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे काम कमी होते. रोगप्रतिकारशक्तीही कामे टाकून देते. त्यामुळे अशा मुलाला न्यूमोनिया झाला तरी ताप चढत नाही. पाहणाऱ्याला मूल शांत वाटते. म्हणून अशा प्रत्येक मुलाला, संसर्गाची लक्षणे दिसोत वा न दिसोत, प्रतिजैविक औषध देण्याचा प्रघात आहे. दुष्काळात बरीच मुले थेट भुकेने न मरता गोवर, अतिसार, हिवताप अशा रोगांनी मरतात, त्याचे कारणही हेच.

या काटकसरीतील एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रत्येक पेशीच्या आवरणात सूक्ष्म पंप असतात. ते सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत घेतात. विश्रांतीच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा मोठा वाटा या पंपांवर जातो. उपासमारीत हे पंपही मंदावतात. पेशींत सोडियम साचते आणि पोटॅशियम बाहेर पडून लघवीवाटे निघून जाते. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम यांचाही साठा घटतो. रक्त तपासले तर आकडे फारसे बिघडलेले दिसत नाहीत, पण कोठार रिकामे झालेले असते.

काही मुलांत याला सूज येण्याची जोड मिळते. पाय आणि चेहरा सुजतो, केस विरळ आणि तांबूस होतात, कातडी सोलवटते. आजच्या घानामध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात या रोगाचे वर्णन केले आणि त्याला तिथल्या गा भाषेतले ‘क्वाशिओरकोर’ हेच नाव ठेवले. धाकटे भावंड जन्मले की थोरल्याला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाची सारी कथा त्या एका शब्दात आहे. सुजेमुळे असे मूल गुबगुबीत वाटू शकते, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

घाईने भरवले तर

आता या शरीराला कोणी दयाळू माणसाने एकदम पोटभर, चमचमीत जेवण दिले तर काय होईल? रक्तात साखर वाढेल, इन्सुलिन स्रवेल आणि पेशी ती साखर ओढून घेऊ लागतील. साखरेचा वापर करायला फॉस्फेट लागते. ते, आणि त्याबरोबर पोटॅशियम व मॅग्नेशियम, रक्तातून वेगाने पेशींत शिरतील. कोठार तर आधीच रिकामे. रक्तातली त्यांची पातळी एकदम घसरेल आणि हृदयाची लय बिघडेल. दुसरीकडे मंदावलेले पंप सुरू होतील, पेशींतले सोडियम रक्तात येईल, त्यामागे पाणी येईल आणि अशक्त झालेल्या हृदयावर भार पडेल. मूल दगावू शकते, तेही अन्न मिळाल्यानंतर.

हा धडा माणसाने फार महागात घेतला आहे. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेनची छळछावणी मुक्त केली. सैनिकांनी कळवळून आपल्या शिध्यातले डबाबंद, चरबीयुक्त अन्न कैद्यांना दिले. अनेकांना ते सोसले नाही. टायफस आणि उपासमार यांनी ग्रासलेली तेरा हजारांहून अधिक माणसे सुटका झाल्यानंतरही मृत्यू पावली. बंगालच्या दुष्काळात वापरलेले साखरेचे एक मिश्रणही तिथे देऊन पाहिले गेले, पण ते अतिगोड असल्यामुळे बऱ्याच जणांच्या घशाखाली उतरेना.

दीर्घ आजारातून उठलेल्याला आधी पेज, मग मऊ भात आणि नंतर पोळी, हा आपल्या घरांतला क्रम याच जातीचा आहे. १९९० च्या दशकात मायकेल गोल्डन आणि इतर संशोधकांनी त्याला शास्त्रीय रूप दिले. त्यांनी दोन प्रकारचे दूध बनवले. पहिल्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी ऊर्जा असते, म्हणून त्याचे नाव एफ-७५. त्यात प्रथिने आणि सोडियम मुद्दाम कमी ठेवलेले असते, पोटॅशियम व मॅग्नेशियम घातलेले असते आणि लोह अजिबात नसते, कारण या अवस्थेत लोह अपाय करू शकते. ते दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे द्यायचे. या टप्प्यात वजन वाढवायचे नसते, बंद पडलेले शरीर हळूहळू सुरू करायचे असते. काही दिवसांत मुलाला भूक लागू लागते. भूक परत येणे ही सर्वांत मोठी शुभखूण. त्यानंतर द्यायचे दूध एफ-१००. त्याने मात्र वजन झपाट्याने वाढते.

दवाखाना आणि घर यांतले अंतर

उपचार सापडला, तरी प्रश्न सुटला नाही. दुधाची भुकटी पाण्यात मिसळावी लागते. साहेलमधल्या खेड्यात शुद्ध पाणी कुठले? कोमट हवेत ठेवलेल्या दुधात काही तासांत जंतूंची वाढ होते. म्हणून हे दूध दवाखान्यात किंवा खास केंद्रातच द्यावे लागे आणि मुलाला आईसह तिथे महिनाभर राहावे लागे.

आता त्या आईच्या जागी उभे राहून पाहू. घर तीस-चाळीस किलोमीटर दूर. घरी आणखी तीन-चार मुले, त्यांना कोण पाहणार? हे दिवस पेरणी-खुरपणीचे. शेत सोडले तर पुढचे वर्षही गेले. म्हणून ती येतच नसे, किंवा फार उशिरा येई, किंवा मूल जरा सुधारताच निघून जाई. जी मुले येत ती एकाच छपराखाली दाटीने राहत आणि एकाचा गोवर, एकाचा अतिसार दुसऱ्याला होई. तीव्र कुपोषणासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांतील मृत्यूचे प्रमाण कित्येक ठिकाणी २० ते ३० टक्के असे आणि १९५० पासून चार दशके ते फारसे घटले नव्हते. आणि केंद्रापर्यंत जे पोहोचलेच नाहीत त्यांची मोजदाद त्यात नाही.

पाणी नसलेले अन्न

फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रिआँ हे या अडचणीवर विचार करत होते. एफ-१०० चे गुण राखून त्यातले पाणी काढून टाकता येईल का? १९९६ च्या सुमारास त्यांनी आणि मिशेल लेस्कान या उद्योजकाने मिळून उत्तर शोधले. पाव-बिस्किटांना लावायच्या चॉकलेटच्या घट्ट लगद्यावरून ही कल्पना सुचल्याचे सांगतात. दुधाच्या भुकटीचा काही भाग कमी करून तिथे शेंगदाण्याचे कूट घातले. त्यात साखर, वनस्पती तेल, जीवनसत्त्वे आणि क्षार मिसळले. तयार झाला शेंगदाण्याचा गोडसर लगदा.

यातले विज्ञान साधे आणि सुंदर आहे. साखर आणि भुकटी यांचा प्रत्येक कण तेलाने वेढलेला असतो. जंतूंना वाढायला पाणी लागते आणि ते इथे नाही. त्यामुळे पुडी फोडून अर्धी ठेवली तरी लगदा नासत नाही. शिजवायला नको, सरपण नको, पाणी मिसळायला नको. मूल पुडीचा कोपरा तोंडात धरून आपल्या हाताने चोखू शकते. पिण्याचे पाणी मात्र सोबत द्यावे लागते. ९२ ग्रॅमच्या एका पुडीत ५०० किलोकॅलरी असतात. ७२ च्या कामांवर वाटलेली सुकडी ज्यांना आठवते त्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल. भाजलेले पीठ आणि गूळ, पाणी नाही, म्हणून टिकाऊ. मात्र सुकडीत दूध नव्हते आणि तीव्र कुपोषित मुलाला लागणारे क्षारही नव्हते.

या लगद्यामुळे उपचार दवाखान्याबाहेर पडू शकला. डॉ. स्टीव्ह कॉलिन्स यांनी २००० साली इथिओपियात तो घरी देऊन पाहिला. पद्धत अशी: गावातल्याच कार्यकर्त्यांनी मुलांचे दंड मोजायचे. बारीक दंडाच्या मुलाला केंद्रावर आणायचे आणि लगदा खायला द्यायचा. त्याने आवडीने खाल्ला आणि दुसरा गंभीर आजार नसला तर औषध व आठवड्याच्या पुड्या देऊन घरी पाठवायचे. खाल्ला नाही तर ते मूल खरोखर आजारी आहे. त्यालाच दवाखान्यात ठेवून एफ-७५ द्यायचे. मोठी प्रयोगशाळा नसताना केलेली ही भुकेची चाचणी फार उपयोगी ठरली.

इथिओपिया, मलावी आणि सुदानमधील अशा २१ कार्यक्रमांत २००० ते २००५ या काळात सुमारे २३,५०० मुलांवर उपचार झाले. सुमारे ७९ टक्के बरी झाली आणि मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास राहिले. तीन-चतुर्थांश मुलांना दवाखान्यात राहावेच लागले नाही. इथे एक सावधगिरी हवी. हे ४ टक्के आणि रुग्णालयातले २०-३० टक्के यांची सरळ तुलना करू नये, कारण रुग्णालयात पोहोचणारी मुले अधिक आजारी असत. पण ती अधिक आजारी होईपर्यंत घरी का राहत, हे आपण पाहिलेच आहे. उपचार जवळ आला की मूल लवकर येते. लवकर आलेले मूल बहुधा वाचते.

नायजरमध्ये २००५ साली या पद्धतीची खरी कसोटी लागली. ‘सीमापार डॉक्टर’ या संघटनेने त्या एका वर्षात साठ हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, त्यांतील बहुतेकांवर घरीच. केवळ खाटांच्या भरवशावर हे कोणत्याही संघटनेला जमले नसते. मे २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर दोन संस्थांनी संयुक्त निवेदन काढून ही पद्धत मान्य केली. असा लगदा पुढे नायजरमध्येच, नियामे या राजधानीत, तयार होऊ लागला.

वर्गात करून पाहण्यासारखे

जाड कागदाची एक सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या. तिच्यावर ११.५ आणि १२.५ सेंटीमीटरवर खुणा करा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा मधला घेर ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ म्हणजे मध्यम. एक ते पाच वर्षांच्या निरोगी मुलाचा दंड साधारण सोळा सेंटीमीटरच्या आसपास असतो आणि या वयात तो फारसा बदलत नाही, म्हणून वय नीट ठाऊक नसले तरी ही पट्टी चालते. पट्टीचे ११.५ आणि १६ सेंटीमीटर घेराचे दोन गोल करून शेजारी ठेवा. वर्तुळाचे क्षेत्रफळ घेराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ११.५ भागिले १६, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.५२. दंडाचा छेद अर्ध्यावर आला! हाड तर तेवढेच आहे. म्हणजे मांस आणि चरबी अर्ध्याहूनही कमी झाली. (कोणत्याही मुलाला सर्वांसमोर उभे करून हे माप घेऊ नये. कागदाचे गोल पुरेसे बोलके आहेत.)

दुसरा हिशेब असा. सुधारणाऱ्या मुलाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात. सहा किलोच्या मुलाला म्हणजे १२००. लगद्याच्या पुड्या किती? २.४, म्हणजे पाव किलोहून कमी अन्न. आता ५० ग्रॅम पीठ अर्धा लिटर पाण्यात शिजवून केलेली पेज घ्या. तीत साधारण १७५ किलोकॅलरी असतात. १२०० साठी किती पेज लागेल? जवळजवळ पावणेचार किलो. सहा किलोचे मूल दिवसात एवढी पेज पिऊ शकेल का, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या. स्निग्ध पदार्थांतून दर ग्रॅमला ९ आणि कर्बोदकांतून ४ किलोकॅलरी मिळतात, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे जिवंत होते.

लगदा काय करू शकत नाही

इतके सांगितल्यावर असे वाटू नये की दुष्काळावर एक पुडी सापडली. तिच्यावर आक्षेपही आहेत आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. मूळ लगद्यावर पेटंट होते आणि मोठा पैसा परदेशी कारखान्याकडे जाई. घरच्या अन्नाची जागा विकतच्या पुडीने घेऊ नये, हा दुसरा मुद्दा. आपल्या देशातही यावर बराच वाद झाला आणि २०१७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने, या लगद्याच्या वापरासाठी पुरेसा पुरावा नाही, असे राज्यांना कळवले. आमचे मत असे की हे औषध आहे आणि औषधासारखेच वापरावे: तीव्र कुपोषित मुलासाठी, काही आठवड्यांपुरते. वर्षानुवर्षे अर्धपोटी राहणाऱ्या वस्तीला त्याने उत्तर मिळत नाही. नायजरमधून बरे होऊन गेलेले मूल त्याच घरात, त्याच कर्जात आणि पुढच्या वर्षीच्या त्याच पावसाळ्यात परत गेले.

दुसरी मर्यादा वेळेची. आज एखाद्या प्रदेशात ‘दुष्काळ’ जाहीर करण्यासाठी आंतरराष्ट्रीय निकष आहेत: किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची टंचाई, ३० टक्के मुले तीव्र वा मध्यम स्वरूपात खंगलेली आणि दर दहा हजार लोकांमागे रोज दोन मृत्यू. निकष असणे चांगलेच. पण तिसरा निकष पुन्हा वाचावा. तो पुरा होईपर्यंत माणसे मेलेलीच असतात. सोमालियात जुलै २०११ मध्ये दुष्काळ जाहीर झाला. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात तिथे या संकटात सुमारे २,५८,००० माणसे गेली असा नंतरच्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतील सुमारे निम्मी पाच वर्षांखालची मुले होती आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू घोषणेच्या आधीच झाले होते. पावसाने ओढ दिल्याचे तर महिनोन् महिने आधीपासून ठाऊक होते. त्यातच तिथे यादवी चालू होती आणि मदत घेऊन जाणाऱ्यांच्या वाटा अडवलेल्या होत्या. सुदानमधल्या झमझम छावणीत २०२४ साली दुष्काळ जाहीर झाला त्यामागेही युद्धच होते. तिथे धान्य नेणाऱ्या वाहनाला वाट मिळणे हाच मोठा प्रश्न होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येऊ. धान्य विमानाने नेता येते आणि कधी कधी न्यावेही लागते. पण ते महाग पडते, बहुधा उशिरा पोहोचते आणि जमिनीवर पडल्यावर धडधाकट माणसाच्या हाती आधी लागते. भाव चढू लागले, गुरे मातीमोल विकली जाऊ लागली, की त्याच महिन्यात लोकांच्या हाती काम किंवा पैसा पोहोचवला तर धान्य पुष्कळदा व्यापारीच आणतो. तरीही काही मुले खंगतील. त्यांचे दंड गावातच मोजले गेले पाहिजेत आणि औषध घरी गेले पाहिजे. जे मूल भूकच विसरले आहे, त्याला चमच्या-चमच्याने, रात्री उठून उठून भरवले पाहिजे.

बाजारभावांची यादी वाचणे, कागदाची पट्टी दंडाभोवती गुंडाळणे, रात्री दोन वाजता उठून दूध पाजणे ही कामे दूरचित्रवाणीवर दिसत नाहीत. नववीतल्या मुलीला समजावून सांगता येण्याइतकी ती सोपी मात्र आहेत. आपल्या वर्गात कोणी हा प्रश्न विचारला तर त्याला हसू देऊ नये, एवढीच शिक्षक मित्रांना विनंती.